हंबीररावांचा संध्याकाळचा पेला

हंबीरराव पैलवानांनी आखाड्यात किती जणांची पाठ मातीला लावली, ते कुणालाही न विचारता सांगत. घरात झुंबरबाईंनी त्यांना किती वेळा चीत केलं, याचा मात्र बोभाटा नव्हता. संस्थान विलीन झालं, तालमीला दरबारातून येणारा खुराक बंद झाला आणि पैलवान कचेरीत पट्टेवाले झाले. पट्टा काही नीट बसायचा नाही. छाती अजून खुराकाच्या काळातली होती, पगार नव्या राज्यातला.

त्यात ही महागाई. झुंबरबाईंनी पदर खोचला. चहातली साखर जाऊन गूळ आला. आमटीतली डाळ कमी होत होत अशी झाली, की पैलवानांना वाटीत स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. धोतर विरलं की पंचे, पंचे विरले की फडकी. घरातला दिवा लागायचा तोही शेजारच्या बयाबाईंचा लागल्यावर बऱ्याच वेळानं, कारण त्यांच्या खिडकीतून अर्धा उजेड फुकटात येई. पैलवानांनी सगळ्याला मान डोलावली. फक्त त्यांच्या संध्याकाळच्या पेल्याला झुंबरबाईंनी हात लावला नाही.

कचेरी सुटली की पैलवान गंगावेशीतल्या कट्ट्यावर जात. गवळी तिथं म्हशी घेऊन येत, गिऱ्हाइकासमोर धार काढत आणि फेसाळ, कोमट दुधाचा पेला हातात देत. पैलवानांची म्हैस ठरलेली होती, रुद्रय्या गवळ्याची. नाव चिमणी. एवढ्या धिप्पाड म्हशीला चिमणी म्हणावं ते कोल्हापूरकरांनीच. पैलवान तिचं कपाळ खाजवत, ती डोळे मिटे, धार वाजू लागे आणि भोवतीचे जुने गडी एखादी गाजलेली कुस्ती पहिल्या सलामीपासून तोंडानं पुन्हा खेळत. तेवढा वेळ पैलवानांना आपल्या अंगावर पट्टा आहे याचा विसर पडे.

एका शुक्रवारी त्यांच्या ध्यानात आलं, झुंबरबाईंच्या अंबाड्यात दर शुक्रवारची अबोलीची वेणी नाही.

"वेणी का न्हाई घातली?"

"वास सोसंना झालाय. डोकं धरतंय माझं."

अबोलीला वास नसतो, एवढं पैलवानांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ते कट्ट्याकडे वळलेच नाहीत. घरी येऊन म्हणाले, "दूध बाधाय लागलंय मला. वय झालं की आता." दगड पचवणाऱ्या माणसाचं पोट दुधानं बिघडलं, हे झुंबरबाईंनी ऐकून घेतलं आणि पितळीत भाकरी वाढली.

मग पैलवान रंकाळ्यावर जाऊन बसू लागले. संध्याकाळ काही सरायची नाही. कुणी पितळेच्या भांड्यात पाणी ओतलं, तरी त्यांची मान तिकडं वळायची. म्हशी पाण्यावर आल्या की ते उठून लांब जात. एखादीनं ओळख दाखवली तर काय घ्या!

आठवडाही गेला नसेल, रुद्रय्या दारात हजर.

"वैनी, पैलवान हायत का? चिमणी पान्हा चोरतीया. रेडकू लावलं, पेंड घातली, पर न्हाईच. नुसती वाटंकडं बघत उभी ऱ्हातीया. गिऱ्हाईक हसाय लागलंय मला."

झुंबरबाई आत वळून म्हणाल्या, "अवो, बिघाडलंय ते पोट न्हवं? हाताला काय झालंय? जावा की, मुकं जनावर हाय."

पैलवान गेले. रुद्रय्याला मागं टाकून गेले. चिमणीनं त्यांना हुंगलं, कचेरीच्या पट्ट्याला जीभ लावली, आणि कपाळावर हात पडला तशी धार वाजू लागली.

"कुठं गेलतासा, पैलवान?" गडी ओरडले. "तुमच्याबिगर कुस्ती अर्ध्यातच आडकलीया!"

रुद्रय्यानं भरला पेला पुढं केला.

"पैसं न्हाई आणलं," पैलवान म्हणाले.

"मागतंय कोण? दूध चिमणीनं सोडलंय, तिला इचारा."

पैलवानांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि थांबले. मग त्यावर तळहात झाकून घराकडं निघाले. हत्तीनं अंडं घेऊन चालावं तसे, जपून.

झुंबरबाईंनी कट्ट्यावरचं दूध कधी चाखलं नव्हतं. त्या काळी बायका तिथं थांबत नसत. त्यांनी पेला हातात घेतला. फेस वाटेतच बसला होता, ऊबही गेली होती. एक घोट घेऊन त्या पेल्यात बघत राहिल्या.

"ह्येच व्हय? ह्येच्यासाठी रोज जात हुता?"

"ह्ये न्हवं," पैलवान म्हणाले. "तिथं कसं…"

झुंबरबाईंनी उरलेलं दूध सकाळच्या चहाला झाकून ठेवलं. "मग तिथं जावा की. प्यायचं न्हाई एवढंच, फुकटचं रोज बरं न्हवं. उभं ऱ्हायाला अजून पैसं पडत न्हाईत."

तेव्हापासून पैलवान रोज जाऊ लागले. चिमणीचं कपाळ खाजवत, कुस्ती शेवटपर्यंत लढत, आणि फेसाळलेला पेला पुढं आला की तो शेजारच्या गिऱ्हाइकाच्या हातात देत. "घ्या पावणं, निवल."

पावणा पहिला घोट घ्यायचा, आणि पैलवानांच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली यायची.