गावात कोणी आजारी नाही

शीलाबाईला सकाळपासूनच दुपारच्या ग्रामसभेची धास्ती होती. विहारात वंदनेला बसली, त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं आणि खोटं बोलणार नाही, हे म्हणायच्या जागी तिचा आवाज बसला.

"काय वो, घसा धरला काय?" शेजारच्या प्रभावतीनं हळूच विचारलं.

"धरला," शीलाबाई म्हणाली. तेही खोटंच.

गोष्ट अशी, की तिच्या प्रियंकाला सिकलसेल, आईबापाकडून लेकरांत उतरणारा रक्ताचा आजार, होता. हाडं ठणकायला लागली की पोर उशी दातात धरून पडायची, आणि कण्हणं भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून आई टीव्हीचा आवाज वाढवायची. दिग्रसला कोणी ओळखीचं भेटेल म्हणून औषधाला थेट यवतमाळ गाठायचं. कोणी विचारलंच तर, मावशीकडे गेलतो. पोरीचं लग्न जमावं, एवढ्यासाठी हा आटापिटा. आता कुठे महागावचा अश्वजित पसंती देऊन गेला होता. सोयरीक जमवणारा त्याचा मामा भीमराज याच गावचा.

आणि नेमका आता दिग्रसहून इंद्रजित आला होता. राज्यातल्या प्रत्येक माणसाला, कोणताही आजार असो, सरकारी खर्चानं उपचार मिळावा, असा कायदा व्हावा म्हणून तो गावोगाव फिरून ग्रामसभांचा पाठिंबा गोळा करत होता.

दुपारी समाजमंदिरात ग्रामसभा भरली. इंद्रजित पोटतिडकीनं बोलला. तो थांबला तसा किराणावाला देवीलाल उठला.

"भाऊ, तुमचं समदं खरं. पण आमच्या गावात आजारी हाय कोण? समदे धडधाकट! ठराव कायले पायजे? त्यापरीस पाण्याची टाकी मागू."

लोक हसले. इंद्रजित म्हणाला, "ज्याच्या घरी मोठं दुखणं हाय, त्यानं हात वर करा."

एकही हात उठला नाही. शीलाबाईनं सभेवरून नजर फिरवली. यातली कितीतरी तोंडं तिनं यवतमाळच्या दवाखान्यात रांगेत पाहिली होती. तिला पाहताच त्यांनी पाठ फिरवली होती. तिनंही पदर ओढून घेतला होता. समोरच भीमराज बसला होता, मांडीवर हात ठेवून.

"चला, पुढचा विषय," सरपंच म्हणाले.

"थांबा जी!"

आपणच उभं राहिलो, हे तिला सगळ्या माना वळल्या तेव्हा कळलं.

"माह्या पोरीले सिकलसेल हाय. लहानपणापासून. दुखणं उठलं का गाडी मिळेस्तोवर जीव राह्यते का जाते, असं होते. आमी लपवून राह्यलो. तुमीबी लपवून राह्यले. म्हणून हे देवीलालभाऊ म्हणते, गाव धडधाकट हाय."

भीमराज उठला आणि कोणाकडे न पाहता बाहेर गेला.

गेलं! पोरीचं लग्न आपल्याच तोंडानं मोडलं. ती मटकन खाली बसली. तेवढ्यात शेजारी प्रभावतीचा हात वर गेला. मग मागचा एक. मग बाया-माणसांचे कितीतरी. सरपंचांनी ठराव वाचला, टाळ्या झाल्या. शीलाबाईचे डोळे मात्र दाराकडेच होते.

बाहेर हातपंपापाशी भीमराज उभा होता. आता हा काय काय बोलणार, म्हणून ती अंग चोरून निघाली.

"वहिनी, कोण्या डॉक्टरकडे नेता पोरीले?"

"काहून?"

त्यानं मागं वळून पाहिलं, आवाज उतरवला. "अश्वजितलेबी हाय थे. बहिणीनं मले शपथ घातली होती, सांगू नको म्हणून."

शीलाबाईनं पंपाचा दांडा घट्ट धरला. दोघांनाही असलं तर लेकरांच्या वाट्याला हेच येईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पोरगी उजवण्याच्या काळजीत तिनं ते कानाआड केलं होतं. आता उशी दातात धरलेलं आणखी एक लेकरू तिला दिसलं, आणि सभेत वाटली नव्हती एवढी भीती वाटली. आज तोंड उघडलं नसतं तर? डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिनं भीमराजला सांगितलं.

"मी सांगतो बहिणीले," भीमराज म्हणाला. "तुमी पोरीले सांगा."

ती घरी आली. प्रियंका उंबऱ्यात उजेडाला बसून साखरपुड्याच्या साडीला फॉल लावत होती.

"आई, एवढा दोरा ओवून दे ना. मले दिसून नाही राह्यलं."

शीलाबाईनं सुई घेतली. दोरा काही केल्या आत जाईना.