बिनदुधाची वडी

हे सहा वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. आता सगळं सांगतेय.

आमच्या मामांचं — म्हणजे सासऱ्यांचं — पोट फार नाजूक. दूध, खवा पोटात गेला की मुरडा ठरलेला. म्हणून दिवाळीत मी त्यांच्यासाठी वेगळी वडी करायची. खजूर, भाजलेले तीळ, सुंठ, थोडी बडीशेप. साखर नाही, दूध नाही. नेकनूरच्या आमच्या गल्लीत तिचं कौतुक व्हायचं. ते कौतुक मला — खोटं कशाला बोलू? — लई आवडायचं.

सहा वर्षांपूर्वी खजूर फार ओलसर निघाला. वडी काही केल्या थापता येईना आणि पाहुणे तर दारात. अजून तीळ कुटून घातले असते तर जमलं असतं. मी दोन मुठी दूध पावडर घातली. एवढ्याशानं काय होतंय? वड्या सुरेख पडल्या. मामांनी चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मामा पोट धरून आडवे. ओव्याचं पाणी देऊन झालं, शेवटी बीडला नेऊन सलाईन लावावं लागलं. घरात एकच प्रश्न — दुधाचं दिलं कुणी? माझ्या थोरल्या जाऊबाईंनी खव्याची बर्फी केली होती. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्या रडकुंडीला आल्या. "देवाशपथ, म्या न्हाई दिली."

आणि मी? गप्प बसले असते तरी एक वेळ — पण मी बोलले. "माझ्या वडीत तर दूध नसतंच," म्हणाले.

त्यानंतर जाऊबाईंनी केलेलं गोड मामांच्या ताटात गेलं नाही. पुढं त्यांनी बर्फी करणंच सोडलं. मी बघत राहिले. दर दिवाळीला.

परवा जाऊबाई आणि मी खजुराच्या बिया काढत बसलो होतो. तोंडातून निघूनच गेलं — सगळं.  जाऊबाई म्हणाल्या, "मला काहून सांगती? मामाला सांग. सगळ्यांसमोर."

जेवताना सांगितलं. मामांनी हातातला घास ताटात ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाऊबाईंना म्हणाले, "थोरले, सहा वर्सं तुज्या हातचं गोड खाल्लं न्हाई म्या. चुकलं माजं."

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला.

चुकलं होतं माझं, आणि 'चुकलं' म्हणाले मामा. तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. तरी कितीतरी वर्षांनी छाती हलकी झालीय. खोटं मी बोलले होते — आता ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.