बाबा सकाळीच गेले!

बाबा धडधाकट असताना त्यांच्या डॉक्टर आमच्याकडे सांत्वनाला येऊन गेल्या. त्याला कारण मी.

तेव्हा आमच्या सिंदी रेल्वे या गावात नुकतंच इंटरनेट कॅफे उघडलं होतं. बाबांना शुगर. वर्ध्याच्या डॉक्टर मॅडमनी मला ईमेलचा पत्ता दिला. "दर वेळी त्यांना आणू नका. रिपोर्ट लिहून पाठवा, मी औषध कळवीन." आणि खरंच कळवायच्या! दवाखान्यात दिवसभर गर्दी, तरी संध्याकाळी उत्तर हजर! अशा डॉक्टर मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत.

एकदा मी बाबांच्या पायाला फोड आल्याचं लिहिलं. लगेच उत्तर आलं, 'फोड ईमेलवर दिसत नाही. उद्याच घेऊन या.'

बाबा उखडले. "फोडासाठी वर्धा? मले आंजीले जाचं हाय, नातवाचं बारसं हाय!" आणि सकाळच्या एसटीनं गेलेसुद्धा. (वाटेत वर्धाच लागतं, पण ते असो!)

मी नम्रपणे मॅडमना कळवलं : 'बाबा सकाळीच गेले. आता तपासणीला येणार नाहीत. आजवर केलंत त्याबद्दल आभारी आहोत.'

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मॅडमची गाडी दारात! मी धावत पाणी आणायला आत गेलो. बाहेर मॅडमनी आईचा हात धरला.

"काकू, धीर धरा."

"धीर कायचा, मॅडम? ते तं नेहमीच जाते!"

"नेहमी?"

"हो ना! कालच गेले, आज येऊन राह्यले."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. आईच्या डोक्यावर परिणाम झाला, अशी त्यांची खात्री पटत होती, तेवढ्यात लाडवांचा डबा घेऊन बाबा दारात!

"काऊन मॅडम, तुमी इकडं?"

मॅडम किंचाळल्या. मग डोळे पुसत इतक्या हसल्या, की शेजारी गोळा झाले. आणि हसता हसताच म्हणाल्या, "पाय दाखवा."

फोड आतून चिघळला होता. मॅडमनी बाबांना स्वतःच्या गाडीत घालून वर्ध्याला नेलं.

"उशीर झाला असता, तर बोट गेलं असतं," त्या म्हणाल्या.

"म्हंजे ते तरी खरंच गेलं असतं!" बाबा म्हणाले.

बोट वाचलं. बाबांना घरी न्यायला मी दवाखान्यात गेलो, तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "ईमेल लिहीत राहा. फक्त आधी एखाद्या मराठीच्या मास्तरांकडून तपासून घ्या."

मी मान डोलावली. गावच्या शाळेत मराठी मीच शिकवतो, हे सांगायची हिंमत झाली नाही!