पत्र्याला लागला की आऊट
सातवीत शाळा सोडून मी घरापासून लांब, भिवंडीत लूमवर, कापडाच्या कारखान्यात कामाला आलो, तेव्हा ओळखीचं कुणीच नव्हतं. कारखान्यातल्या क्रिकेटवाल्यांनी मला टीममध्ये घेतलं, त्यांच्याच खोलीत जागाही दिली. सराव दोन कारखान्यांमधल्या बोळात चालायचा. चेंडू छपराच्या पत्र्यावर आदळला की शेठ ओरडायचा, म्हणून तिकडं मारणारा आऊट, असा आमचा नियम. बॉलिंग मात्र भिंतीवर रेघा ओढून कितीही करा. त्यामुळं आमच्यात बॉलर एकाहून एक, आणि बॅटिंगच्या नावानं बोंब.

शेलार गावच्या मोकळ्या मैदानात मॅच होती. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या आणि बॅट माझ्या हातात. हरलो तर ही माणसं मला ठेवतील का, हीच धास्ती होती.

बाहेरून कॅप्टन ओरडला, "अरे मार ना यार, इथं पत्रा न्हाय!"

चेंडू मारण्याजोगा होता. मी सवयीनं तो हळूच जमिनीवर दाबला.

मान खाली घालून परतलो. कॅप्टन म्हणाला, "वाटलंच होतं मला. पण तुझ्या बॉलिंगवर त्यांना तरी कुठं मारता आलं? चल, चहा सांगितलाय. तुझा पण."