पोह्याची स्वेच्छानिवृत्ती

आमच्या घरातून आजवर एकालाच स्वेच्छानिवृत्ती मिळाली आहे, आणि तो बेडूक होता. पिवळा, गुबगुबीत, डोळे कायम अर्धे मिटलेले. त्याचं नाव पोहा. (मराठी घरात 'पोहे' म्हणतात हे मी मुलीला पुष्कळदा सांगितलं. पण ती जन्मली भोपाळात आणि तिची आई इंदूरची, त्यामुळे अशा बाबतीत मी घरात कायम अल्पमतात असतो.)

हा पोहा राहायचा व्हिडिओ गेममध्ये. हिच्या भावाने परदेशातून येताना मुलीसाठी, म्हणजे मुक्तासाठी, हातात मावेल असं एक यंत्र आणलं होतं. त्यात रानावनात फिरून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचं. आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधली निम्मी पोरं त्या खेळाने झपाटली होती. संध्याकाळी क्वार्टरांसमोरच्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसून त्यांचे वाद चालायचे. कोणाचा ड्रॅगन श्रेष्ठ, कोणाचं कासव भारी. एवढ्या तळमळीने आमच्या युनियनवालेसुद्धा कधी भांडले नसतील.

मुक्ता तेव्हा सातवीत होती. ती भांडायची नाही. तिने प्रत्येक प्राण्याला प्रत्येकाशी झुंजवून पाहिलं होतं आणि सगळ्यांच्या श्रेण्या ठरवल्या होत्या. सर्वांत वर एस, मग ए, बी, सी करत तळाला एफ. ए च्या वर एस कसा काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "असतो बाबा." तिच्या श्रेण्या इतक्या चोख निघाल्या की पुलियावरची पोरंच काय, नेहरू नगरहून सायकल हाणत येणारा कपिलसुद्धा त्या प्रमाण मानू लागला. हा कपिल टाउनशिपच्या क्लबात दरवर्षी होणाऱ्या या खेळाच्या स्पर्धेचा आदल्या वर्षीचा विजेता. त्याने मुक्ताला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं होतं आणि वर म्हणाला होता, "रँकिंग बनाना अलग बात है, लड़ना अलग."

ते वाक्य तिने वर्षभर मनात ठेवलं. क्लबच्या काचेच्या कपाटात चषक असतात आणि वरच्या पाटीवर विजेत्यांची नावं रंगवलेली असतात. ब्रिज, बॅडमिंटन, कॅरम, सगळीकडे साहेबलोकांची आणि त्यांच्या चिरंजीवांची. पाटीवर एकाही मुलीचं नाव नाही हे मला तोवर दिसलंच नव्हतं. मुक्ताला दिसलं होतं. तिला तिथे आपलं नाव हवं होतं. त्यासाठी तिने वर्षभर चार प्राण्यांची टोळी घडवली, आणि त्या टोळीचा म्होरक्या होता पोहा.

आता थोडं माझ्याविषयी. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंवर पास किंवा नापास असा शिक्का मारायचा, हे माझं काम. मी स्वतः आजवर एक खिळाही बनवलेला नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझ्या बायकोने ते माझ्याविरुद्ध वापरलं.) तर असा माणूस घरात असताना मुलीने परस्पर श्रेण्या ठरवाव्यात हे मला खटकायचं. मूल्यमापन म्हटलं की सेवाज्येष्ठता पाहावी लागते, वर्तणूक पाहावी लागते. तिच्या यादीत वनराज नावाचा प्राणी थेट एफ मध्ये होता! सिंहाची आयाळ, हत्तीची सोंड, चालला की पडदा हलायचा. खेळ सुरू केला त्या दिवशी पहिला मिळालेला प्राणी तो. म्हणजे सर्वांत ज्येष्ठ. आणि कालपरवा आलेला झोपाळू बेडूक एस मध्ये! असा अन्याय मी कारखान्यातही फार थोड्या वेळा पाहिला होता.

रविवारी स्पर्धा. शनिवारी मुक्ताला शाळा, मला सुट्टी. जाताना तिने यंत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, बस चार्जिंगला लाव. और कुछ नाही."

मी चार्जिंगला लावलं. पण यंत्र चालूच होतं आणि पडद्यावर एक जंगल दिसत होतं. मी सहज एक बटण दाबलं. झाडीतून सोनेरी पंखांचा एक गरुड निघाला. मी घाबरून आणखी दोन बटणं दाबली आणि तो पकडला गेला! आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी पकडलं होतं. मुक्ता परत आल्यावर तिला कसा आश्चर्याचा धक्का देतो, या विचाराने मी खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तेवढ्यात पडद्यावर सूचना आली की पिंजऱ्यात जागा नाही, नवा प्राणी ठेवायचा तर जुन्यांपैकी एकाला सोडून द्यावं लागेल.

म्हणजे मंजूर पदं भरलेली होती. अशा वेळी काय करायचं ते आमच्या टाउनशिपमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कारखान्यात त्या वर्षी स्वेच्छानिवृत्तीची, म्हणजे व्हीआरएसची, योजना आली होती आणि रोज कोणाचा ना कोणाचा निरोप समारंभ असायचा. मी शेजारच्या चतुर्वेदीजींना हाक मारली. ते कार्मिक विभागात होते, म्हणजे या विषयातले अधिकारी माणूस. त्यांनी चष्मा पुसला, चहा मागवला आणि म्हणाले, "नियम से चलेंगे."

आम्ही नियमाने चाललो. सगळ्या प्राण्यांची सेवापुस्तकं उघडली. (खेळात प्रत्येकाची माहिती असते. कधी सापडला, किती झुंजी जिंकल्या, स्वभाव कसा.) वनराजाची ज्येष्ठता पाहून चतुर्वेदीजींनी त्याला नमस्कारच केला. ड्रॅगन नियमित विजयी. कासव शिस्तीचं. मग पोह्याचं पान उघडलं. सेवा अल्प. स्वभाव आळशी. स्वतः जिंकलेल्या झुंजी, शून्य.

चतुर्वेदीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. अशा शांततेत आमच्या कारखान्यात पुष्कळांचे निर्णय झाले आहेत.

पण माणुसकी म्हणून काही असतं. नुसतं बटण दाबून कोणाला घालवायचं म्हणजे बरं दिसत नाही. आमच्याकडे निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देतात. यंत्रात शाल नव्हती, पण मुक्ताच्या पोतडीत एक लाल, चमकणारं फळ होतं. एकच होतं. ते आम्ही पोह्याला दिलं. चतुर्वेदीजींनी चार शब्द बोलून त्याच्या भावी आयुष्याला शुभेच्छा दिल्या. मी बटण दाबलं. पोह्याने अर्धे डोळे उघडून हात हलवला आणि उड्या मारत झाडीत गेला. चतुर्वेदीजींनी पुन्हा चष्मा पुसला. म्हणाले, "बहुत शरीफ़ आदमी था."

दुपारी मुक्ता आली. मी यंत्र पाठीमागे धरून दारातच उभा होतो. सोनेरी गरुड पाहून ती खूश झाली नाही. तो सी मध्ये होता. मग तिने टोळी उघडली आणि एकेक प्राणी मोजला.

"बाबा, पोहा कुठेय?"

मी तिला सगळं सांगितलं. समितीविषयी सांगितलं, निरोपाविषयी सांगितलं, फळाविषयीही सांगितलं, कारण ते आमच्या दिलदारपणाचं लक्षण होतं. फळाचं ऐकून ती खाली बसली. मरगळलेल्या प्राण्याला पुन्हा उभं करणारं ते फळ साऱ्या खेळात एकदाच मिळतं आणि तिने ते अंतिम फेरीसाठी राखून ठेवलं होतं. सोडलेला प्राणी तर परत येतच नाही.

मी म्हणालो, अगं, पण त्याने एकही झुंज जिंकली नव्हती. तेव्हा तिने मला समजावलं. रागावून नाही, दमलेल्या मास्तरासारखं. पोहा जिंकतच नाही. तो सर्वांत आधी मैदानात उतरतो, समोरच्यावर झोपेची भुकटी टाकतो आणि बाजूला होतो. मग समोरचा पेंगत असताना बाकीचे त्याला लोळवतात. पोह्यामुळे सगळे जिंकतात, पोह्याच्या नावावर काही लागत नाही. म्हणून तो एस.

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्यांची कामं पुरी करून द्यायची. तुमच्यासारखाच होता बिचारा. तुम्हाला मात्र कोणी काढलं नाही."

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. मुक्ता रडली असती तर बरं झालं असतं. पण ती अंगणात यंत्र घेऊन बसली होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती. मी दोनदा जवळ जाऊन परत आलो. आपल्या हातून लेकराचं वर्षभराचं काम मोडलं, ही भावना फार वाईट असते. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिनेच मान वर केली.

"उद्या सगळे जण पोह्याची तयारी करून येणार ना?"

मला काय ठाऊक? पण मी ठामपणे 'हो' म्हणालो. बाप म्हणून तेवढंच हातात होतं.

"मग मी वनराजला घेते," ती म्हणाली.

रविवारी क्लबचा हॉल भरला होता. आनंद नगर, मंडीदीपहूनसुद्धा पोरं आली होती. यंत्रं मोठ्या टीव्हीला जोडली होती. मुक्ताने पहिल्याच फेरीत वनराजाला पुढे काढलं आणि हॉलमध्ये हशा पिकला. ज्या मुलीने श्रेण्या ठरवल्या तीच एफ मधला प्राणी घेऊन आली होती. मी मात्र उभा राहून टाळ्या वाजवत होतो आणि आजूबाजूच्यांना सांगत होतो की हा सर्वांत ज्येष्ठ आहे. चतुर्वेदीजी मान डोलावत होते. क्लबच्या सेक्रेटरींनी आम्हा दोघांना मागच्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं.

पण पुढे जे घडलं ते मला भिंतीपाशीही कळलं. पुलियावरच्या सगळ्यांना मुक्ताच्या श्रेण्या पाठ होत्या. पोहा एस म्हटल्यावर प्रत्येकाने आपल्या टोळीत पहिल्या जागेवर एक घुबड ठेवलं होतं. या घुबडाला झोप लागत नाही, हा त्याचा एकमेव गुण. बाकी अंगात जोर काही नाही. आणि वनराजाचं असं की तो मंद, वार करायची पाळी कायम शेवटी येते, पण जितका मार खाईल तितका चवताळतो. एरवी चवताळेपर्यंत तो टिकतच नाही, म्हणून एफ. घुबडांच्या हातचा मार खाऊन मात्र तो मरत नव्हता. नुसता तापत होता. पहिली फेरी संपली तेव्हा हशा थांबला होता. उपांत्य फेरीत तर मंडीदीपच्या पोराचे चारही प्राणी एकट्या वनराजाने आडवे केले.

अंतिम फेरीत समोर कपिल. त्याचंही घुबड. ते बाद झालं तेव्हा त्याचा चेहरा पडला, पण त्याचे पुढचे दोन प्राणी तगडे निघाले आणि वनराज कोसळला. मग ड्रॅगन गेला, चौथा गडीही गेला. दोन्हीकडे एकेक उरला. मुक्ताकडे कासव, तेही अर्धमेलं. लाल फळ इथेच लागणार होतं. ते आम्ही शुभेच्छांसह जंगलात पाठवलं होतं. मी डोळे मिटून घेतले. चतुर्वेदीजी पुटपुटले, "घड़ी ही दे देते."

डोळे उघडले ते गलक्याने. कपिलने घाई केली होती. मुक्ताने केली नव्हती. कासवाने पाठ पुढे करून घाव झेलला आणि मग एकच, साधा, हळू असा तडाखा दिला. तेवढा पुरला.

माझी पोरगी जिंकली! मी भिंत सोडून पळत सुटलो, एका खुर्चीला अडकलो आणि सेक्रेटरींच्या अंगावर पडलो. कपिलने येऊन मुक्ताशी हात मिळवला आणि म्हणाला, "तू लड़ती भी है."

माइकवर सेक्रेटरींनी तिला यशाचं रहस्य विचारलं. मी शर्टाची कॉलर नीट केली. ज्येष्ठतेचा विजय झाला होता आणि माझं नाव आता येणारच होतं. मुक्ता म्हणाली, "पोहा एस ग्रेडच आहे. सब लोग त्याच्यासाठी तयार होऊन आले, म्हणून मी जिंकले. तो असता तर आज तोच मैदानात उतरला असता. पण काल बाबांनी त्याला व्हीआरएस दिली."

समोर अख्खा कारखाना बसला होता. व्हीआरएसवर एवढा हसलेला हॉल मी पुन्हा कधी पाहिला नाही. सोमवारपासून मला विभागात कोणी नावाने हाक मारली नाही. शिपायापासून महाव्यवस्थापकापर्यंत सगळे विचारायचे, आज किसको निकाल रहे हैं साहब? मला त्याचं काही वाटलं नाही. दुपारच्या सुट्टीत मी क्लबात जायचो आणि त्या पाटीवर ओल्या रंगात लिहिलेलं मुक्ताचं नाव पाहून यायचो. रंग वाळल्यावरही जात राहिलो.

पुढे तिने घरच्यांच्या श्रेण्या ठरवून फ्रिजवर लावल्या. आई एस. वनराजाला बढती, सी. अगदी खाली एफ मध्ये मी एकटा, आणि पुढे शेरा: 'लढाईत उपयोग नाही. नुकसान करतात. तरी व्हीआरएस देऊ नये.'

सगळ्या नोकरीत माझे गोपनीय अहवाल कोणी मला दाखवले नाहीत. हा एकच उघड्यावर लागला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी स्वतः फ्रिजपाशी नेऊन गार पाणी देतो, अगदी जानेवारीतसुद्धा.