अळणी वरण

अमरावतीला मी जलसंपदा अभियांत्रिकीत एम.टेक. करत होते, तेव्हा घरच्यांना माझ्या शिक्षणाची पहिल्यांदा गरज पडली, तीही हमालीसाठी. आमचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात. बोअर कुठेही मारा, पाणी खारट. नळाला गोडं पाणी येतं, पण मनात आलं तर. त्यामुळे दादाला कोणी मुलगी द्यायला तयार होईना. आलेली स्थळं चहाच्या पहिल्याच घोटाला मोडायची. आता अंजनगावचे लोक घर पाहायला येणार म्हटल्यावर आईचा फोन आला.

"तू पाण्याचंच शिकून राहिली ना? मंग येताना दोन कॅन गोड पाणी घेऊन ये."

भूजलातल्या क्षारांवर मी तेव्हा पानंच्या पानं लिहीत होते. आईने विषय एका फोनमध्ये संपवला. एसटीत कंडक्टरने विचारलं, "काहून ताई, अकोल्यात पाणी भेटत नाई का?" मी दोन्ही कॅन सीटखाली सरकवले.

पाहुणे आले. चहा फक्कड झाला. मुलीच्या वडिलांनी कप रिकामा केला तेव्हा कुठे दादाच्या जिवात जीव आला. मग पंगत बसली. मुलीच्या आईने वरणाचा घास घेतला आणि त्या थांबल्या. वांग्याची भाजी चाखली, पुन्हा थांबल्या. मीही चाखली. सगळं अळणी! खाऱ्या पाण्यात रांधून रांधून आईच्या हाताला मीठ नावापुरतंच टाकायची सवय. पाणी बदललं होतं, पण हाताला कोणी कळवलंच नव्हतं.

"पाणी बाहेरून आणलं वाट्टे," मुलीच्या आई म्हणाल्या. "माह्यं माहेर खारपाणातलंच हाये, बाई. लगन झाल्यावर माह्या भाज्या अशाच होत."

आईचं तोंड पाहवेना. दादा ताटात बोट फिरवत बसला. अंजनगावला जाऊन पाहिलेली मुलगी त्याला मनापासून आवडली होती.

मग त्या काकू माझ्याकडे वळल्या. "तू तं पाण्याची इंजिनिअर. खरं सांग, इथलं पाणी कधी गोड होईन का?"

"बोअरचं नाई होत, काकू. पावसाचं साठवलं तं प्यायले पुरते."

"मंग तू सोता करशीन का अशा गावात लगन?"

आई मागून डोळे वटारत होती.

"नाई," मी म्हटलं.

काकू हसल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग नवऱ्याला म्हणाल्या, "जमवून टाका. एवढं खरं बोलणारी नणंद पोरीले कुठं भेटते? पण पावसाच्या पाण्याची टाकी आधी बांधा, मंग अक्षता."

टाकीचा नकाशा मीच काढला. दादा सिमेंटच्या पोत्यांवरही खुशीत बसायचा, त्याला पाहून मला भरून यायचं. आई मात्र माझ्यावर रुसली ती थेट साखरपुड्यापर्यंत. त्या दिवशी मला बाजूला घेऊन गोड आवाजात म्हणाली, "तुह्यासाठी स्थळ पाह्यलं म्या. पोरगा लय चांगला हाये. पाणी आपल्याहून खारं."