सुलाबाईंचा रिकामा रकाना

सांगलीतल्या त्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात कोड लिहिण्यात ब्राह्मीचा हात सगळ्यांत चपळ. जतकडच्या वस्त्यांवर टँकर पाठवणाऱ्या एका संस्थेचं ॲप तिच्याकडं आलं होतं. कार्यकर्ते घरोघर जाऊन पाण्याची गरज विचारणार, रकाना भरणार, आणि त्यावरून टँकरचे थांबे आपोआप ठरणार. प्रश्न एवढाच, की कुणी भरायच्या आधी त्या रकान्यात काय असावं?

"नल ठेव, माहिती नसल्याची खूण," शेजारच्या टेबलावरचा वीरधवल म्हणाला. "म्हणजे अजून विचारलेलंच नाही, असं कळतं."

"आणि नल दिसला की ॲप आडवं पडतं, बंदच होतं, त्याचं काय? उद्या दाखवायचंय मला." ब्राह्मीनं दोन अवतरणचिन्हं ठोकली, मध्ये काहीच नाही. रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरा मजकूर. "बघ, पळतंय की नाही!"

"पळतंय गं बाई. पण कुणी 'काही नको' म्हणालं तरी हेच, आणि कुणी भेटलंच नाही तरी हेच."

"भेटणार नाही म्हणजे? घरदार सोडून लोक जातात कुठं?"

वस्त्यांवरचे धनगर मेंढरं घेऊन जातात. दिवाळी झाली की कुणी कोकणाकडं, कुणी नदीकाठाला, ते थेट उन्हाळ्यात परततात. सांगलीत वाढलेल्या ब्राह्मीला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं.

वैशाखात वस्तीवरच्या सुलाबाईंची तक्रार आली, तशी ब्राह्मी टँकरबरोबर स्वतः गेली. विचारपूस झाली त्या दिवशी सुलाबाईंच्या दाराला कुलूप होतं. रकाना रिकामा राहिला, ॲपनं तो 'गरज नाही' असा वाचला. त्या परतल्यावर बारा दिवस टँकर दारावरनं धूळ उडवत पुढं गेला होता.

"हात करून करून खांदा गेला माजा," सुलाबाई म्हणाल्या. "म्हनं, यादीत न्हाई! शेजारनीनं दोन घागरी दिल्या, त्या आमी प्यालो. कोकरांस्नी काय पाजू? सात गेली, बाय."

टँकरचा ड्रायव्हर जोतिबा पाण्याचा पाइप ओढून आणता आणता मध्येच बोलला, "आवं मावशी, मशीनची चूक हाय ती. कॉम्प्युटर!"

"व्हय? मग त्याला काय कळतंय?" सुलाबाई ब्राह्मीकडं वळल्या. "आन् तू कशाला गं एवढ्या उनाची आलीस? तुजा काय दोष?"

मशीन नाही, मी. हे तीन शब्द तिनं वाटभर घोळवले होते.

"मशीनचंच झालं, मावशी," ती म्हणाली.

सांगलीत परतल्यावर तिनं कोडमधली ती ओळ बदलली; आता न भरलेला रकाना 'अजून विचारलेलं नाही' असा वाचला जाईल. पाच मिनिटांचं काम. सुलाबाईंचा नंबर मोबाइलमध्ये आहे. फोन तिनं अजून केलेला नाही.